पायांकडे बघणारे वकीलसाहेब

आमच्या वकीलसाहेबांकडे पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटायचं, यांची मान धरली आहे. ते समोरच्याच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत. ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसलेले असायचे, पण झोपाळा हलू द्यायचे नाहीत. नजर खाली जमिनीवर. पक्षकार उभ्यानं आपली हकीकत सांगत असायचा, कारण त्यांच्याकडे बसून बोलायची कुणाला परवानगीच नव्हती. मध्येच ते विचारायचे, "उजवा पाय मागे का घेतलास?"

"पाय?"

"बांधाचं सांगत होतास तोवर दोन्ही पाय जागच्या जागी होते. भावाचं नाव निघालं आणि उजवा मागे गेला. भावाशी काय झालंय?"

बहुतेक वेळा भावाशी काहीतरी झालेलं असायचंच. कधी नुसती मुंगी चावलेली असायची. पण मुंगीची गोष्टही ते तितक्याच आस्थेनं ऐकून घेत आणि मग मला म्हणत, "मुंगी चावली तर माणूस आधी पाय झटकतो. मागे घेत नाही. लक्षात ठेव."

मी तेव्हा वकिलीची परीक्षा नुकतीच पास होऊन वडगावच्या कोर्टात काम शिकायला लागलो होतो. तळेगावात घर, त्यामुळे रोज सकाळी पायी वडगावला यायचं, साहेबांच्या ओसरीवर तासभर बसायचं आणि मग त्यांची छत्री नि कागद घेऊन कचेरीकडे निघायचं, असा माझा क्रम होता. कायदा मला पुस्तकात मिळाला असता. पण साहेबांच्या मते कोर्टात कायद्याला फार काम नव्हतं. ते म्हणत, "तोंडाला वकील असतो. पायांना नसतो. म्हणून खरं काय ते पायांना विचारावं."

ओसरीच्या एका कोपऱ्यात त्यांनी मोडक्या बैलगाडीचे कठडे जोडून एक पिंजरा उभा केला होता, अगदी कोर्टात साक्षीदाराचा असतो तसा. तारखेच्या आधी प्रत्येक साक्षीदाराला त्यात उभं राहावं लागे. हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या. साहेब प्रश्न विचारायचे, साक्षीदार उत्तर द्यायचा आणि मी तांब्याकडे बघायचं. कुठल्या प्रश्नाला पाणी सांडलं ते मी सांगायचं. खांडशी-कुसगावकडची धट्टीकट्टी माणसं, ज्यांनी उभा डोंगर पाठीवर लाकडं घेऊन उतरलेला असायचा, ती त्या तांब्यापुढे घामाघूम व्हायची.

मी एकदा धीर करून विचारलं होतं, "साहेब, हे साक्षीदाराला पढवणं नाही का झालं?"

ते मुळीच रागावले नाहीत. "काय बोलायचं ते मी कधी कुणाला सांगितलंय? खरं असेल ते बोल, एवढंच सांगतो. पण खरं बोलणारा माणूस डोकं खाजवायला लागला, माझ्याकडे बघून मग उत्तर द्यायला लागला, तर ते खरं वाया जातं. खऱ्याला उभं कसं राहायचं तेवढं शिकवतो मी."

रविवारी ते लोणावळ्याला जायचे. हवा खायला नव्हे, स्टेशनवर माणसं बघायला. मुंबईहून येणारी गाडी घाट चढून यायची, तिथं इंजिनाची काढघाल व्हायची आणि तेवढा वेळ सगळा फलाट साहेबांचा असायचा. कोण कुणाला पोचवायला आलंय, कुणाला खरंच वाईट वाटतंय, कोण गाडी कधी हलतेय याची वाट बघतोय, हे ते मला हळू आवाजात सांगत. पुढे घाटात विजेची इंजिनं आली आणि थांबा आखूड झाला. सगळा तालुका विजेच्या गाडीचं कौतुक करत होता. साहेब मात्र म्हणायचे, "फार घाई केली."

गंमत अशी की एवढं सगळ्यांचं बघणाऱ्या या माणसाला स्वतःचं काहीच दिसत नव्हतं. खटला हातचा जातोय असं वाटलं की ते उजव्या कानाची पाळी ओढत. हे वडगाव कोर्टातल्या प्रत्येक वकिलाला ठाऊक होतं, शिपायालाही ठाऊक होतं. त्यांचा हात कानाकडे गेला की समोरच्या पक्षाचा वकील तडजोडीचं बोलणं तिथल्या तिथे बंद करायचा. त्यांना हे कुणीच सांगितलं नाही. घरी काकू म्हणायच्या, "सगळ्या मावळाचे पाय वाचतात हे, आणि मी दोन दिवस तापानं फणफणलेय ते यांना आज कळलं." त्यावर ते खरोखर चकित होऊन काकूंच्या पायांकडे बघायचे.

तो फाटकवाला आला श्रावणात.

आंबीहून तळेगावच्या बाजाराला येताना रेल्वेचं एक फाटक लागायचं. फाटक म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक जाड साखळी. बाजाराच्या दिवशी सकाळी धुकं होतं. आंबीचा एक शेतकरी बैलगाडी घेऊन आला आणि रेल्वेगाडीखाली सापडला. तो गेला, एक बैलही गेला. फाटकवाल्याचं म्हणणं, साखळी लावलेली होती. विजेच्या गाडीचा भोंगा झाला, बैल बुजले आणि साखळी तोडून रुळावर गेले. पोलिसांचं म्हणणं, साखळी लावलीच नव्हती. फाटकवाल्यावर हयगयीनं मृत्यू घडवल्याचा खटला भरला. नोकरी थांबली होती, शिक्षा झाली असती तर तुरुंग होता.

पण गावात साखळीबद्दल कुणी बोलतच नव्हतं. सगळे एकच सांगत होते. लोक धावत गेले तेव्हा हा माणूस प्रेताशेजारी होता आणि हसत होता.

जामिनावर सुटून तो साहेबांच्या ओसरीवर आला तेव्हाही तो हसतच होता. चाळिशीचा, बारीक अंगाचा, निळा सदरा घातलेला. ओठ दोन्हीकडे ताणलेले, दात दिसणारे. साहेबांनी नेहमीप्रमाणे पायांकडे बघत सगळं ऐकून घेतलं. मग आयुष्यात क्वचितच करायचे ते केलं. मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"हसतोस का?"

"हसत न्हाई, साहेब. त्वांड आसं हुतं."

"कधीपासून?"

"ल्हानपनापासनं. भ्या वाटलं का हुतं. मास्तर छडी घ्यायचं तवा हसायचो, म्हून आनखी मारायचं. पोलिसानं मारलं तवाबी आसंच झालं. म्हून लय मारलं."

हे सांगतानाही तो हसत होता. मला त्याच्याकडे बघवेना. साहेब मात्र पुढे झुकून लहान मुलानं काजवा बघावा तसे त्याच्याकडे बघत होते. असा माणूस त्यांना आजवर भेटला नव्हता.

मग त्या कठड्याच्या पिंजऱ्यात त्याची तालीम सुरू झाली. साहेबांनी त्याला जीभ चावायला सांगितली. मेलेल्या आईची आठवण काढायला सांगितली. जिभेखाली खडा ठेवून बघितला, तर तो दारू प्यायल्यासारखा बोलायला लागला. गंमत म्हणजे हातातल्या तांब्यातलं पाणी मात्र त्यानं कधी सांडू दिलं नाही. काकूंनी चहा आणून दिला, दोन शब्द मायेचे बोलल्या, की चेहरा सैल पडायचा. तेव्हा कळायचं की हा मुळात किती गंभीर माणूस आहे. पण साहेबांनी "मॅजिस्ट्रेटसाहेब विचारतात," असं नुसतं म्हटलं की दात परत दिसायला लागायचे. शेवटी साहेबांनी तालीम सोडून दिली.

मॅजिस्ट्रेट नवीन आले होते, पुण्याकडचे, तरुण आणि नेकीचे. लाच नाही, ओळख नाही, काही नाही. खटल्याच्या दिवशी आंबीचे लोक भिंतीपर्यंत दाटले होते. पुढे जमिनीवर त्या मेलेल्या शेतकऱ्याची बायको बसली होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला, पण नजर एकसारखी आरोपीच्या पिंजऱ्याकडे. आणि आरोपी हसत होता.

साक्षी झाल्या. आंबीच्या पोलीस पाटलांची साक्ष आमच्या फार उपयोगाची होती. उलटतपासणीत साहेबांनी विचारलं, "साखळी तुम्हाला कुठे सापडली?"

"तुटका तुकडा जुवात अडकला हुता. मीच सोडवला."

"बैलांच्या मानेवरच्या जुवात?"

"व्हय."

म्हणजे साखळी बैलांच्या वाटेत आडवी होती. खाली पडलेली साखळी काही उडी मारून जुवात अडकत नाही. मला वाटलं, जिंकलो. साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "मॅजिस्ट्रेटसाहेबांनी टाक खाली ठेवलाय. ते ऐकत नाहीयेत. बघतायत."

खरंच, मॅजिस्ट्रेट पाटलांकडे बघतच नव्हते. त्यांची नजर आरोपीच्या दातांवर होती आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत होता. साहेबांचा हात उजव्या कानाकडे गेला. सरकारी वकिलांनी ते बघितलं आणि आरामात खुर्चीला टेकले.

साक्षी संपल्यावर मॅजिस्ट्रेटांनी आरोपीला विचारलं, "तुला काही सांगायचंय?"

त्यानं तोंड उघडलं. शब्द आला नाही. हसू तेवढं आणखी पसरलं. मागच्या गर्दीतून एक गुरगुर उठली आणि ती बाई तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

मॅजिस्ट्रेट म्हणाले, "मृताच्या पत्नीसमोर आरोपी हसतो आहे. आरोपीच्या वर्तनाबद्दल मी तशी नोंद घेणार आहे."

साहेब उठले. उठले ते बोलायला नाही. ते सरळ आरोपीच्या पिंजऱ्यापाशी गेले आणि खांद्यावरचं उपरणं काढून पिंजऱ्याच्या खालच्या अंगाला, लोकांच्या बाजूनं, अडकवून दिलं. पडदा लावावा तसं. मग वळले.

"नोंद जरूर घ्यावी. पण अर्धी घेऊ नये. साहेबांनी एकवार खाली येऊन बघावं, एवढी विनंती आहे."

"काय बघायचं?"

"ते मी मोठ्यानं सांगू शकत नाही. म्हणूनच यावं."

मॅजिस्ट्रेट आपली जागा सोडून खाली उतरल्याचं वडगावात कुणी बघितलं नव्हतं.  पण ते उठले, पायऱ्या उतरले, पिंजऱ्याच्या आतल्या बाजूनं आले आणि उपरण्याआड त्यांनी खाली बघितलं.

मी साहेबांच्या मागे होतो, म्हणून मलाही दिसलं. वर दात दाखवणाऱ्या त्या माणसाचे अनवाणी पाय लटलट कापत होते आणि त्यांच्याखाली फरशी ओली झाली होती. धोतर ओलं होतं. भीतीनं त्याला आवरलं नव्हतं.

मॅजिस्ट्रेटांनी त्याच्या चेहऱ्याकडे परत एकदा बघितलं, आता अगदी जवळून. मग वर गेले, टाक उचलला आणि म्हणाले, "पोलीस पाटलांना परत बोलवा. साखळीचं काय म्हणाले, ते मला नीट लिहून घ्यायचंय."

फाटकवाला निर्दोष सुटला. त्याची नोकरीही त्याला परत मिळाली, त्याच फाटकावर.

सगळे साहेबांचं अभिनंदन करत होते, पण ते खुशीत नव्हते. उपरणं लावलं तरी कोर्टातून बाहेर पडताना लोकांना फरशी दिसलीच होती. फाटकावरून जाणारी पोरं त्या माणसाला त्यावरून हाका मारतात, हे त्यांच्या कानावर आलं होतं. ते मला म्हणाले, "तुरुंगातून वाचवला रे, पण हे असं करून." मी म्हटलं, दुसरा इलाज काय होता. ते म्हणाले, "नव्हता. म्हणून तर."

त्यानंतर पुण्याहून एका वर्तमानपत्राचा वार्ताहर मुलाखतीला आला. मॅजिस्ट्रेट खाली का उतरले, उपरण्याआड काय होतं, हे त्याला हवं होतं. साहेबांना ते सांगायचं नव्हतं. त्या माणसाची लाज छापून यावी असं त्यांना वाटत नव्हतं. पण खोटं बोलायची सवय नव्हती. मग काय, आख्ख्या तालुक्याला उभं राहायला शिकवणारा हा माणूस झोपाळ्यावर चुळबुळ करायला लागला. कान ओढून झाला. छताकडे बघून झालं. एकाही प्रश्नाचं धड उत्तर दिलं नाही. वार्ताहरानं छापलं ते असं, की उत्तरं देताना वकीलसाहेब नजर चुकवत होते, तेव्हा या खटल्यात कुठेतरी पाणी मुरत असलं पाहिजे.

मी चिडून ते त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. "बरोबर बघितलंय त्यानं," ते म्हणाले. "नजर चुकवलीच मी. काही लपवतोय हेही त्याला कळलं. फक्त काय लपवतोय, ते त्यानं आपल्या मनानं भरलं." थोड्या वेळानं म्हणाले, "मीही इतकी वर्षं तेच केलं असेल. किती जणांच्या बाबतीत, कोण जाणे."

ते वर्तमानपत्र आंबीच्या चावडीतही वाचलं गेलं. आणि एका सकाळी ती शेतकऱ्याची बायको एकटी ओसरीपुढे येऊन उभी राहिली. पाऊस बारीक पडत होता. साहेबांनी तिला बसायला सांगितलं. मी त्यांच्याकडे काम करायला लागल्यापासून त्या ओसरीवर गाऱ्हाणं सांगायला बसलेलं ते पहिलंच माणूस.

"वकीलआबा, तुमी नजर चुकवली म्हनं. पेपरात आलंय."

"चुकवली."

"म्हंजी तो माझ्या मालकाच्या मरनावर हसलाच ना?"

मला वाटलं, आता साहेब तिला सगळं समजावून सांगतील. भीती, मास्तरांची छडी, तोंडाची ठेवण. पण त्यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. त्यांची नजर तिच्या पायांकडे गेली नाही, हे मी बघितलं.

"बाई, तो फार भ्याला होता, एवढं मी बघितलंय. बाकी त्याच्या मनात काय होतं, ते मला ठाऊक नाही. ते त्यालाच विचारावं लागेल."

"तुमी येता?"

"येतो."

आम्ही तिघं फाटकापर्यंत चालत गेलो. फाटकवाला आपल्या खोपटापुढे बसून निशाण गुंडाळत होता. ती समोर दिसली आणि त्याचे ओठ ताणले गेले, दात दिसले. बाई जागच्या जागी थांबली. साहेब काहीतरी बोलायला पुढे झाले, तर तिनं हातानंच त्यांना गप्प केलं.

"त्या दिशी मालक काय बोललं का?" तिनं विचारलं.

"व्हय."

"काय?"

"पानी म्हनलं. मी मडक्यातनं आनलं पळत. डोकं मांडीवर घेटलं, ओठाला लावलं." तो हसत होता आणि त्याच हसण्यातून त्याचा आवाज फाटत होता. "थोडं ग्येलं आत. मग सरज्या म्हनलं. दोनदा म्हनलं. मग काय न्हाई."

"सरज्या बैल आमचा. त्यांनीच वाढवलावता."

"मला वाटलं, पोराचं नाव आसंल."

"पोर न्हाई आमाला," ती म्हणाली.

पाणी पाजल्याचं हे त्यानं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. पोलिसांनी, सरकारी वकिलांनी, मॅजिस्ट्रेटांनी, आम्ही सगळ्यांनी त्याला साखळीचं विचारलं होतं आणि हसण्याचं विचारलं होतं. लोक धावत आले तेव्हा तो प्रेताशेजारी काय करत होता, ते कुणी विचारलं नव्हतं. पिंजऱ्यात तांब्या देऊन साहेबांनी त्याला किती दिवस उभा केला होता, त्यांनीही नाही.

गाडीची वेळ झाली. तो उठला, दोन्हीकडच्या साखळ्या लावल्या, निशाण घेऊन उभा राहिला. गाडी गेली. बाईनं गाडीकडे बघितलं नाही. ती त्याच्या खोपटाच्या दाराशी ठेवलेल्या मडक्याकडे बघत होती. मग ती मडक्यापाशी गेली, वरची वाटी घेऊन त्यातलं पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि त्याला म्हणाली, "येते."

परतीच्या वाटेवर ती आमच्या थोडी पुढे चालत होती. पाऊस वाढला होता.  मग ती म्हणाली, आमच्याकडे न बघता, "आमाला पोर न्हाई. म्हंजी शेवटचं पानी त्यानंच पाजलं म्हनायचं."

 साहेबांनी माझ्या हातातली छत्री मागून घेतली, उघडली, भरभर चालत तिला गाठलं आणि तिच्या डोक्यावर धरून आंबीच्या वाटेला लागेपर्यंत तसेच भिजत चालत राहिले.